‘माल परत मागवला’ म्हणजे नेमका कुठून परत आला?

पोस्ट मोठी आहे. घरात लहान मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी वाचा.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने एक जाहीर सूचना काढली. कोल्ड्रिफ सिरप, बॅच एसआर-१३, उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७. बनवणारी कंपनी तामिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यातली श्रेसन. हे औषध कुणाकडे असेल तर विकू नका, वापरू नका, प्रशासनाला कळवा. आपल्यातल्या बहुतेकांनी ती सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिली, पुढे ढकलली आणि कामाला लागलो.

त्या दिवसांत नागपूरच्या दवाखान्यांत छिंदवाड्याहून आलेली लेकरं डायलिसिसवर होती.

पुढचे काही दिवस टीव्हीवर एकच वाक्य चालू होतं, ‘माल परत मागवला आहे’. हे वाक्य ऐकलं की आपल्याला बरं वाटतं. कुणीतरी काहीतरी केलं असं वाटतं. पण माल परत मागवणं म्हणजे नेमकं काय? गोदामातून की दुकानातून? आणि जी बाटली आधीच विकली गेली, अर्धी संपली, फडताळात ठेवली आहे, तिच्यामागे कोण जातं? या प्रश्नाला जवळपास नव्वद वर्षांचा इतिहास आहे. आपल्या राज्याचाही त्यात मोठा वाटा आहे. तो आज सांगतो.

आधी नागपूरपुरतं बोलू.

छिंदवाडा इथून साधारण सव्वाशे किलोमीटर. नकाशावर ते दुसऱ्या राज्यात आहे, पण तिथल्या माणसाला मोठा आजार झाला की तो भोपाळकडे बघत नाही, नागपूरकडे बघतो. १९५६ पर्यंत तर छिंदवाडा आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. राज्यं बदलली, दवाखान्याची वाट बदलली नाही. सौंसर, पांढुर्णा, परासिया, जुन्नारदेव इथले पेशंट मेडिकलमध्ये, मेयोत, एम्समध्ये आणि धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत रोज दिसतात.

ऑगस्टच्या शेवटापासून परासिया भागातली लहान मुलं आजारी पडू लागली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. सुरुवात साध्या सर्दी-तापाने. औषध घेतलं, ताप उतरल्यासारखा झाला आणि मग लघवी बंद झाली. किडनी निकामी. त्यातली बरीच मुलं नागपुरात आणली गेली आणि बरीच इथेच गेली. मुलांच्या किडनीचा तुकडा काढून तपासला, म्हणजे बायोप्सी केली, तेव्हा हा कुठला साथीचा ताप नसून विषारी रसायनाने झालेली इजा आहे असं दिसलं. संशय खोकल्याच्या औषधाकडे वळला. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मृत मुलांचा आकडा वीसच्या वर गेला होता.

आता तारखा बघा. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून मुलं दगावत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत तामिळनाडूच्या औषध विभागाने कारखान्यावर जाऊन नमुना घेतला आणि तपासला. त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल निघालं. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे बाटलीत जवळजवळ अर्धं विष. ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होतं की मध्य प्रदेशातून घेतलेल्या आणि तोवर तपासलेल्या नमुन्यांत हे रसायन आढळलेलं नाही. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात बंदी आली. ५ तारखेला आपल्याकडे सूचना निघाली. पहिल्या मृत्यूपासून बंदीपर्यंत महिना गेला आणि तेवढे दिवस त्या बाटल्या घराघरांत होत्या.

हे डायएथिलीन ग्लायकोल काय आहे? कारखान्यात वापरायचं द्रावक. पातळ, रंगहीन, चवीला गोडसर आणि स्वस्त. सिरपमध्ये औषध विरघळवायला प्रोपिलीन ग्लायकोल किंवा ग्लिसरीन लागतं. ते औषधी दर्जाचं असावं लागतं आणि महाग पडतं. कुणी कारखान्याच्या दर्जाचा माल आणला, पिंप न तपासता वापरला, की हे विष बाटलीत उतरतं. डोळ्याला, नाकाला, जिभेला काही कळत नाही. आई चमचा भरते, मूल गोड म्हणून पिऊन टाकतं. प्रयोगशाळेत तपासणी हाच एक उपाय, आणि तीच चुकवली जाते.

आता १९३७ मध्ये जाऊ, अमेरिकेत. कारण ‘माल परत मागवणे’ याचा खरा अर्थ जगाने पहिल्यांदा तिथे पाहिला आणि विष हेच होतं.

टेनेसी राज्यात ब्रिस्टल नावाच्या गावी मॅसेंगिल नावाची औषध कंपनी होती. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं, गुणकारी औषध. गोळी आणि भुकटीच्या रूपात मिळायचं. लहान मुलांना देण्यासाठी पातळ औषध हवं, अशी मागणी आली. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकोलमध्ये विरघळवलं आणि रासबेरीचा स्वाद घातला. रंग, वास, चव तपासली. माणसाच्या पोटात गेल्यावर काय होतं ते तपासलं नाही. तेव्हाच्या कायद्यात तशी सक्तीच नव्हती. सप्टेंबर १९३७ मध्ये औषध बाजारात गेलं. नाव ठेवलं ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’.

ऑक्टोबरमध्ये मृत्यूच्या बातम्या यायला लागल्या. कंपनीने विक्रेत्यांना आणि डॉक्टरांना तारा पाठवल्या की माल परत करा. पण त्या पहिल्या तारेत हे औषध जिवावर बेतू शकतं, असा शब्द नव्हता. तार वाचणाऱ्याला वाटलं, काहीतरी व्यापारी भानगड असेल, पाठवू सावकाश. सरकारी औषध प्रशासनाने दटावल्यावर धोक्याची स्पष्ट ताकीद देणारी दुसरी तार गेली.

आणि मग जे झालं ते वाचण्यासारखं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे देशभरात मिळून २३९ निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ होते. त्यातले जवळजवळ सगळे या एका कामाला लावले. कंपनीच्या सुमारे दोनशे विक्री प्रतिनिधींना शोधून काढलं. त्यांच्याकडून दुकानांची नावं घेतली. दुकानात जाऊन चिठ्ठ्या चाळल्या. चिठ्ठीवर पूर्ण नाव नसायचं, पत्ता नसायचा. मग डॉक्टरला विचारायचं, शेजाऱ्यांना विचारायचं. एक कुटुंब औषध घेऊन डोंगराळ भागात राहायला निघून गेलं होतं, घरात तीन वर्षांचा मुलगा. त्याला शोधण्यासाठी एका डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं आणि प्रशासनाच्या रसायनतज्ज्ञाबरोबर निघाला.

एकूण २४० गॅलन औषध बनून बाजारात गेलं होतं, म्हणजे नऊशे लिटरच्या आसपास. त्यातलं २३४ गॅलन आणि एक पाइंट परत मिळालं. उरलेलं बावीस-तेवीस लिटर लोकांच्या पोटात गेलं आणि शंभरावर माणसं मेली. त्यात चौतीस मुलं होती. ते २३४ गॅलन मिळालं नसतं तर काय झालं असतं, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

यातली एक गंमत, म्हणजे गंमत कसली, लाज म्हणा. माणसं मेली म्हणून हे औषध जप्त करता येत नव्हतं. कायद्यात तशी सोयच नव्हती. ‘एलिक्सिर’ या शब्दाचा अर्थ त्यात अल्कोहोल असलं पाहिजे, आणि यात ते नव्हतं. म्हणून ‘नाव चुकीचं’ या एका कारणावर सगळी जप्ती झाली. नाव नुसतं ‘सोल्युशन’ ठेवलं असतं तर निरीक्षकांचे हात बांधलेलेच राहिले असते. पुढच्याच वर्षी, जून १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा कायदा केला. औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवा, मगच विका.

आपला औषध कायदा १९४० चा. म्हणजे जगाला हे विष कळल्यानंतरचा. तरीही आपल्याकडे काय झालं?

१९८६, मुंबई. सर जे. जे. रुग्णालय, राज्य सरकारचं सगळ्यात नावाजलेलं रुग्णालय. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे चौदा रुग्ण दगावले. त्यांना तोंडाने ग्लिसरॉल दिलं जात होतं. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकोल निघालं. पुन्हा तेच आणि पुन्हा किडनी. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यांच्या अहवालाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी केली. पुरवठादार, रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय, कुणालाच सोडलं नाही. १९८८ मध्ये अहवाल बाहेर आल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. आमच्या पिढीच्या पत्रकारांना शिकताना ‘लेंटिन अहवाल’ हे नाव कानावर पडायचंच. सरकारी यंत्रणेची चिरफाड कशी करावी याचा तो नमुना होता.

जे. जे. च्या आधी १९७२ मध्ये चेन्नईत हेच विष मुलांच्या औषधात निघालं होतं. नंतर १९९८ मध्ये गुडगावला. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यात, रामनगरला. २०२२ मध्ये भारतात बनलेल्या सिरपमुळे गांबिया आणि उझबेकिस्तानात मुलं गेल्याचं प्रकरण जगभर गाजलं. आणि २०२५ मध्ये छिंदवाडा. प्रत्येक वेळी कंपनी वेगळी, औषधाचं नाव वेगळं. रसायन एकच.

आता मुद्द्यावर येतो. प्रत्येक वेळी चर्चा होते ती कारखान्याची, परवान्याची, अटकेची. ती झालीच पाहिजे. छिंदवाड्याच्या प्रकरणात अटका झाल्या, कंपनीचा परवाना रद्द झाला, बाकीचं कोर्ट बघेल. पण विष बाटलीत गेल्यावर आणि बाटली घरात गेल्यावर मूल वाचवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बाटली परत आणणं. आणि याबद्दल आपला कायदा काय म्हणतो?

औषध नियमांमध्ये परवान्याची एक अट आहे. एखाद्या बॅचमध्ये दोष आहे असं प्रशासनाने कळवलं, तर उत्पादकाने त्या बॅचचा शिल्लक माल विक्रीतून काढून घ्यावा आणि आधी पाठवलेला माल, त्या परिस्थितीत व्यवहार्य असेल तितका, परत मागवावा. ‘व्यवहार्य असेल तितका’. आता या शब्दांत काय बसतं आणि काय नाही, हे ठरवणार कोण? कंपनीच. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची माल परत मागवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. सगळ्यात घातक दोष असेल तर २४ तासांपासून जास्तीत जास्त ७२ तासांत माल परत आला पाहिजे, असं त्यात आहे. कागदावर चांगलं आहे. पण मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे.

शिवाय माल परत मागवण्याची साखळी उलटी कशी चालते ते बघा. कंपनी डेपोला सांगते, डेपो स्टॉकिस्टला, स्टॉकिस्ट दुकानदाराला. नागपूरचं उदाहरण घ्यायचं तर गंजीपेठेतल्या दवा बाजारापासून काटोल, उमरेड, रामटेकच्या दुकानापर्यंत निरोप जातो. दुकानदार फळीवरच्या बाटल्या खोक्यात भरून परत पाठवतो, त्याला क्रेडिट नोट मिळते. झालं. साखळी काउंटरवर संपते. काउंटरच्या अलीकडे पावत्या आहेत, पलीकडे काहीच नाही. कारण आपण बिल घेत नाही आणि दुकानदार देत नाही. ‘सर्दीचं चांगलं औषध द्या’ म्हणून नेलेल्या बाटलीचा मालक कोण, हे जगात कुणालाच माहीत नसतं.

म्हणूनच मध्य प्रदेश सरकारला शेवटी आशा कार्यकर्त्यांना आणि सरकारी कर्मचाऱ्यांना घरोघरी पाठवून बाटल्या परत घेण्याचे आदेश द्यावे लागले. तो आदेश योग्यच होता. १९३७ च्या निरीक्षकांनी केलं तेच हे काम. फरक एवढाच की तिकडे निदान चिठ्ठ्या तरी होत्या चाळायला.

कुणी म्हणेल, ही औषधाची गोष्ट झाली, गरिबाच्या घरची झाली. तसं नाही. श्रीमंत देशातली, महागड्या पाळण्याची गोष्ट सांगतो.

१९९८ मध्ये शिकागोत सोळा महिन्यांचं एक बाळ पाळणाघरात दुपारी झोपलं होतं. घडी घालता येणारा, नामांकित ब्रँडचा पाळणा. वरचा कठडा मधूनच मिटला, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा झाला आणि बाळाची मान त्यात अडकली. बाळ गेलं. आईवडील दोघेही विद्यापीठात प्राध्यापक. नंतर त्यांना कळलं की हा पाळणा पाच वर्षांपूर्वीच, १९९३ मध्ये, धोकादायक म्हणून परत मागवला गेला होता. आधी याच पाळण्यात इतर मुलंही दगावली होती. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना काही माहीत नव्हतं. त्या घराची सरकारी तपासणी बाळ जाण्याच्या काही दिवस आधीच झाली होती, पण तपासणाऱ्यालाही ते दिसलं नाही. कागदावर माल परत आला होता. पाळणा जागेवरच होता.

त्या आईवडिलांनी दहा वर्षं पाठपुरावा केला. २००८ मध्ये अमेरिकेने कायदा केला, त्यातल्या एका भागाला त्या मुलाचं नाव आहे. पाळणे, उंच खुर्च्या, बाबागाड्या अशा वस्तूंबरोबर कंपनीने टपाल खर्च भरलेलं नोंदणी कार्ड द्यायचं. ग्राहकाने नाव-पत्ता लिहून पाठवायचं. वस्तूत दोष निघाला तर कंपनीने त्या पत्त्यावर थेट कळवायचं. एवढंच. एक पोस्टकार्ड. त्यानंतर जून २०११ पासून एका बाजूचा कठडा खाली-वर सरकणारे पाळणे तिथे विकायलाच बंदी आली. त्या सरकत्या कठड्यांमुळे २००० सालापासून किमान ३२ बाळं गेली होती.

तरीही प्रश्न पुरता सुटला नाही. २०१९ मध्ये फिशर-प्राइस या मोठ्या कंपनीचे ‘रॉक अँड प्ले’ नावाचे सुमारे ४७ लाख झोपाळे परत मागवले गेले. तान्हं बाळ त्यात तिरकं झोपायचं, कुशीवर वळलं की श्वास कोंडायचा. २०२३ च्या जानेवारीत हीच घोषणा पुन्हा करावी लागली. कारण पहिल्या घोषणेनंतरही किमान आठ बाळं त्याच झोपाळ्यात गेली होती. घोषणा टीव्हीवर झाली, वर्तमानपत्रात झाली. पण झोपाळा बहिणीकडून मैत्रिणीकडे, मैत्रिणीकडून जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलेला होता.

आता आपलं घर आठवा. आपल्याकडे पाळणा विकत घेणारे कमी, मागून आणणारे जास्त. मावसबहिणीच्या मुलाचा पाळणा, त्याआधी तिच्या नणंदेच्या मुलीचा. वॉकर, बाबागाडी, सगळं फिरतं. चांगली पद्धत आहे, पैसे वाचतात, माया वाढते. पण त्या वस्तूबरोबर खोका येत नाही, बिल येत नाही, मॉडेल नंबरचा कागद येत नाही. कंपनीने उद्या ठरवलं तरी ती तुमच्यापर्यंत पोहोचणार कशी?

मग माल घरातून परत आणणं अशक्यच आहे का? नाही. दोन उदाहरणं आपल्याच देशातली आहेत.

२०१५ चं मॅगी प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. ५ जूनला बंदी आली, कंपनीने देशभरातून नूडल्स परत घेतल्या. तीस हजार टनांहून जास्त माल. तो सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला, त्यातली एक भट्टी आपल्या चंद्रपूरची. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, तो विषय वेगळा. मुद्दा असा की कंपनीला करायचं असेल तर गल्लीतल्या किराणा दुकानातलं दोन मिनिटांच्या नूडल्सचं पाकीटही परत येतं.

दुसरं उदाहरण २०२२ चं. नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने, म्हणजे २०१९ च्या कायद्याने, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलं आहे. धोकादायक वस्तू परत मागवायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. आयएसआय दर्जाचे नसलेले प्रेशर कुकर अ‍ॅमेझॉनवरून विकले गेले म्हणून प्राधिकरणाने आदेश दिला की असे कुकर घेतलेल्या सगळ्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या. किती कुकर? २,२६५. आकडा इतका नेमका कसा मिळाला? कारण ऑनलाइन खरेदीत प्रत्येक कुकरमागे एक नाव आणि एक पत्ता होता.

पत्ता असेल तर वस्तू सापडते. १९३७ मध्ये पायी फिरून पत्ते गोळा केले, आज ते काम बिलाने आणि मोबाइल नंबरने होऊ शकतं. कुकरसाठी जे होतं ते लेकराच्या औषधासाठी का होऊ नये?

आणि दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याच राज्यातलं जॉन्सनच्या बेबी पावडरचं प्रकरण बघा. नमुना घेतला डिसेंबर २०१८ मध्ये. मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला सप्टेंबर २०२२ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि तपासणीतल्या दिरंगाईवरून प्रशासनाला फटकारलं. पावडर चांगली होती की वाईट, हा वाद बाजूला ठेवा. वाईट असती तर या पावणेचार वर्षांत तो डबा कधीच संपला असता. चांगली होती तर कंपनीला विनाकारण त्रास झाला. दोन्ही बाजूंनी यंत्रणा नापास.

आता मागण्या. भाषण देत नाही, चार गोष्टी सांगतो.

एक, ‘व्यवहार्य असेल तितका’ हे शब्द औषध नियमांतून जायला हवेत. घातक दोष असेल तर घरापर्यंत जाऊन माल परत आणणं ही कंपनीची आणि सरकारची सक्तीची जबाबदारी असावी, मुदतीसकट.

दोन, नागपूर आणि छिंदवाडा यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे, पेशंटच्या वाटेवर ती नाही. दुसऱ्या राज्यातली मुलं एकाच लक्षणाने इथल्या दवाखान्यांत येऊ लागली, तर त्याची नोंद त्याच दिवशी दोन्ही राज्यांच्या आरोग्य विभागांकडे आणि औषध विभागांकडे एकत्र गेली पाहिजे. विदर्भाच्या दवाखान्यांत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. अशी गोष्ट सगळ्यात आधी इथेच दिसणार आहे.

तीन, सूचना लोकांच्या भाषेत निघाली पाहिजे. बॅच नंबर आणि रसायनाचं नाव लिहिलेला कागद परासियाच्या खाणकामगाराला किंवा मेळघाटातल्या आईला काय सांगणार? बाटलीचा फोटो, मराठी, हिंदी, गोंडी, कोरकूत दोन ओळी आणि आशाताईच्या हातात ती यादी.

चार, माल परत मागवल्याच्या प्रत्येक घोषणेखाली तीन आकडे छापलेच पाहिजेत. किती बनल्या, किती विकल्या, किती परत आल्या. १९३७ मध्ये, जेव्हा संगणक नव्हता, तेव्हा एका देशाने २४० गॅलनपैकी २३४ गॅलन आणि एक पाइंट असा हिशेब दिला. पाइंटापर्यंत. आपण निदान बाटलीपर्यंत तरी द्यावा.

सरकारने करायचं ते सरकारने करावं, पण आजपासून आपल्याला काय करता येईल तेही लिहितो.

मुलांचं औषध घेताना बिल मागा, त्यावर बॅच नंबर आहे का बघा. दुकानदार कुरकुर करेल, तरी मागा. बिल मिळालंच नाही तर बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. मागच्या आजारातली उरलेली बाटली पुन्हा देऊ नका आणि शेजाऱ्याच्या मुलालाही देऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला सर्दी-खोकल्याचं सिरप देऊ नये आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावं, असं केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्येच सांगितलं आहे. त्याच्याही आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, लेबलवर तसं छापा, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा आदेश निघाला होता. लेबलवरची बारीक अक्षरं वाचा, नाही दिसली तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. औषध दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर सकाळची वाट बघू नका, थेट मोठा दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५.

पाळणा किंवा झोपाळा कुणाकडून मागून आणला असेल तर खिळे, बिजागऱ्या, कठड्याच्या फटी हाताने तपासा. कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर इंटरनेटवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. दोष निघाला तर तो पाळणा पुढे कुणाला देऊ नका. मोडून टाका.

आणि पत्रकार मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी ‘माल परत मागवला’ अशी प्रेस नोट आली की ती तशीच छापू नका. फोन करून एकच विचारा, ‘परत किती आला?’ उत्तर आलं तर छापा. उत्तर आलं नाही तर तेही छापा.

तुमच्या गावात, तालुक्यात ऑक्टोबरमध्ये ही सूचना पोहोचली होती का, कुणी घरी येऊन विचारलं होतं का, ते खाली लिहा. केमिस्ट मित्रांनीही लिहावं, त्यांच्याकडून माल परत नेण्याची पद्धत कशी चालते ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. छिंदवाडा, पांढुर्णा, बैतूलकडचे नातेवाईक असतील तर त्यांच्यापर्यंतही ही पोस्ट पोहोचवा.